ओंडक्यांचे घर

अब्राहम लिंकन यांचा जन्म ओंडक्यांच्या घरात झाला, हे वाक्य मी शाळेत असताना पाठ केले होते. ते घर एकदा डोळ्यांनी पाहावे, अशी इच्छा तेव्हापासून मनात होती. पुढे अमेरिकेला जाण्याचा योग आला, तेव्हा मी मुद्दाम केंटकी राज्यातील हॉजेनव्हिल या गावी गेलो.

१८०८ साली थॉमस लिंकन नावाच्या सुताराने या गावाजवळ ३०० एकर जमीन घेतली. पत्नी नॅन्सी व लहानगी सारा यांच्यासह तो तेथे राहू लागला. त्या काळी तेथे वस्तीला येणारी कुटुंबे रान तोडून शेते करीत आणि त्याच झाडांचे ओंडके एकावर एक रचून घर उभारीत. ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडून ते एकमेकांत अडकवीत व मधल्या फटी चिखलाने लिंपीत. एकच खोली आणि पायांखाली उघडी माती! अशाच घरात १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहम जन्मला. पुढे जमिनीच्या मालकीचा तंटा उपस्थित झाला आणि दोनच वर्षांनी त्या कुटुंबाला ते घर सोडावे लागले.

आज तेथे टेकडीवर भव्य दगडी स्मारक आहे. लिंकन ५६ वर्षे जगले, म्हणून त्याला ५६ पायऱ्या आहेत. त्या चढून मी आत गेलो. समोर ते चिमुकले घर पाहताच माझे हात आपोआप जुळले.

इतक्यात तेथील मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “हे मूळ घर नव्हे.”

झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. २००४ साली या ओंडक्यांची वलये तपासली, तेव्हा सर्वांत जुना ओंडका १८४८ सालचा निघाला. त्या वेळी लिंकन ३९ वर्षांचे होते!

मी खट्टू झालो. “हे सांगितले नसते, तर काय बिघडले असते?” मी विचारले.

बाई हसून म्हणाल्या, “लिंकन यांना लोक ‘प्रामाणिक एब’ म्हणत. त्यांच्याच स्मारकात आम्ही खोटे कसे सांगावे?”

मी मनातून ओशाळलो आणि पायऱ्या उतरून खाली आलो. पायथ्याशी एका खोलगट जागी खडकातून झरा वाहतो आणि तेथेच जमिनीत लुप्त होतो. लिंकन कुटुंब याच झऱ्याचे पाणी पीत असे. त्यांचे घर कधीच नाहीसे झाले. झरा मात्र खरा होता.

त्या झऱ्याजवळ मी पुन्हा हात जोडले.