हास्याची पंगत

आमच्या घरीं पंगत बसली म्हणजे एक जुनी रीत अजून पाळली जाते. शेवटच्या पानापर्यंत वाढून झालें कीं नाहीं हें पाहिल्यावांचून यजमान 'होऊं द्या सावकाश' म्हणत नाहींत. अन्नाच्या बाबतींत इतका कटाक्ष ठेवणाऱ्या आम्हां मंडळींच्या हास्याच्या पंगतींत मात्र एक पान कित्येक वर्षें रिकामें होतें. तें आमच्या ध्यानांत येण्यास चार्ली चॅप्लिनला आमच्या माजघरांत यावें लागलें, ही गोष्ट सांगण्यास संकोच वाटतो. तथापि ती सांगितलीच पाहिजे.

आमच्या थोरल्या वहिनी आतां ऐंशीच्या घरांत आहेत. गेल्या दहाबारा वर्षांत त्यांचे कान गेले. श्रवणयंत्र आणून दिलें. परंतु त्यांतून माणसांपेक्षां भांड्यांचा आणि पंख्याचाच आवाज अधिक येतो, म्हणून त्यांनीं तें डबींत घालून ठेविलें आहे. रात्रीं मंडळी एकत्र बसली, कोणी विनोद केला आणि हंशा पिकला, कीं वहिनी विचारीत, "काय झालें हो, भाऊजी?" आम्ही हात हालवून सांगत असूं, "कांहीं नाहीं, उगीच." पुढें त्यांनीं विचारणें सोडलें. सर्व हंसले कीं त्याही मंद हंसत. नाट्यशास्त्रांत भरतमुनींनीं हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिलें स्मित. त्यांत गाल किंचित् फुलतात, पण दांत दिसत नाहींत. तें उत्तम प्रकृतीच्या माणसांचें. वहिनींचें हंसणें त्या कोटींतलें, असें आम्ही समजत होतों. वस्तुतः तें हास्य नव्हतेंच. तो नुसता शिष्टाचार होता.

गेल्या दिवाळींत आमच्या नातवानें चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' हा मूकपट लावला. तो १९३१ सालचा. त्याच वर्षीं आपल्याकडे 'आलम आरा' बोलूं लागला होता. जगभर बोलपटांची लाट आली असतां चॅप्लिननें हट्टानें न बोलणारा चित्रपट काढला. आरंभींच एका पुतळ्याचें अनावरण आहे. बड्या मंडळींचीं भाषणें चालतात, पण शब्दांच्या ऐवजीं नुसती पिपाणीसारखी किरकिर ऐकूं येते. त्या क्षणीं आम्ही सर्वच वहिनींच्या पंक्तीला जाऊन बसलों! आच्छादन दूर होतें तों पुतळ्याच्या मांडीवर भटक्या चार्ली गाढ झोंपलेला. सर्वांच्या आधीं वहिनी हंसल्या. पुढें तो शिट्टी गिळतो आणि प्रत्येक उचकीबरोबर ती वाजूं लागते. ती शिट्टी वहिनींना ऐकूं येणें शक्य नव्हतें. परंतु गवयाचा चढत जाणारा पारा आणि मागें लागलेलीं कुत्रीं पाहून त्यांनीं सर्व ओळखलें. डोळ्यांस पाणी आलें, दोन्ही हातांनीं कुशी धरल्या. भरतमुनि याला अतिहसित म्हणतात आणि अधम प्रकृतीच्या पदरीं घालतात. मुनींची क्षमा मागून आम्ही म्हणतों कीं, इतकें उत्तम हास्य आमच्या घरांत कित्येक वर्षांत झालें नव्हतें.

शेवटीं, नव्यानें दृष्टि आलेली ती फुलवाली भटक्याचा हात हातांत घेते आणि केवळ स्पर्शानें त्यास ओळखते. तेथें कोणीच कोणाकडे पाहिलें नाहीं. दिवा लागल्यावर मात्र वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, आतां पुढें कोणता?"

या वेळीं 'कांहीं नाहीं, उगीच' म्हणण्याची सोय नव्हती.

पुढच्या शनिवारीं बस्टर कीटनचा 'द जनरल' (१९२६) पाहिला. चॅप्लिनचा चेहरा बोलतो. कीटनचा शेवटपर्यंत हालत नाहीं. खिन्न होऊन तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो, इंजिन चालूं लागतें, आणि हा बसल्या बसल्या वरखालीं होत असतां त्याला पत्ताच नाहीं! जळत्या पुलावरून नदींत कोसळणारें इंजिन खरेंखुरें होतें, हें नातवानें कागदावर लिहून दाखविलें तेव्हां वहिनींनीं "केवढा हा खर्च!" म्हणून कपाळास हात लाविला. हॅरॉल्ड लॉइडच्या 'सेफ्टी लास्ट' (१९२३) मध्यें उंच इमारतीवरील घड्याळाच्या कांट्याला लोंबकळणारा तरुण पाहून मात्र त्यांनीं डोळे मिटून घेतले. भित्र्या प्रकृतीच्या मंडळींनीं तो निजण्यापूर्वीं पाहूं नये.

परंतु मूकपट म्हटला कीं विलायतच आठवावी असें नाहीं. दादासाहेब फाळके यांच्या 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटाचा बराच भाग सुदैवानें शिल्लक आहे. त्यांत कृष्णाचें काम त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिनें केलें आहे. कथेच्या आरंभापूर्वीं ती आपल्या मुद्रेवर एकामागून एक भाव दाखविते, आणि मग पाहतां पाहतां कृष्ण होते. हा खेळ चालू असतां एक मौज झाली. आमच्या घरच्या इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या मुलांना कृष्णाच्या खोड्या नीटशा ठाऊक नव्हत्या, त्यामुळें त्या रात्रीं वहिनीच सांगत होत्या आणि आम्ही सर्व ऐकत होतों.

त्यानंतर 'पुष्पक' (१९८७). सिंगीतम् श्रीनिवास राव यांच्या या चित्रपटांत आवाज आहेत, पण संवाद एकही नाहीं. त्यामुळें कमल हासन काय करितो हें समजण्यास कोणतीच भाषा लागत नाहीं.

खरी अडचण पुढें आली. मराठी माणसाचा विनोद मुख्यतः शब्दांचा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं तो रुजविला. त्यांना गुरु मानणारे राम गणेश गडकरी यांनीं 'बाळकराम' होऊन तो वाढविला. ते गडकरी १९१९ च्या जानेवारींत याच आमच्या सावनेरांत निवर्तले. ज्या वर्षीं शब्दांचा हा राजा गेला, त्याच वर्षीं 'कालियामर्दन' पडद्यावर आला, हा योग आम्हांस फार दिवस लक्षांत आला नव्हता. अत्र्यांच्या लेखणीचा 'ब्रह्मचारी' (१९३८), चिं. वि. जोशी यांच्या कथेवरील 'लग्न पहावें करून' (१९४०), हे मास्टर विनायकांचे चित्रपट घरांतील सर्वांना पाहावयाचे होते. पण ऐकूं न येणाऱ्यास ते अर्धेच पोंचणार. ते लावले तर वहिनी पुन्हां शिष्टाचारापुरतें हंसूं लागणार, हें उघड होतें.

तेव्हां आम्हीं एक वही घातली. चित्रपट आधीं एकट्यानें पाहावयाचा, मुख्य संवाद ठळक अक्षरांत उतरावयाचे, आणि खेळाच्या वेळीं वहिनींच्या शेजारीं बसून बोटानें ओळ दाखवीत जावयाची. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. ही आम्हीं दुसऱ्यासाठीं लिहिलेली पहिली वही असेल. विनोद त्यांच्यापर्यंत थोडा उशिरां पोंचतो. आम्ही हंसून थांबतों, तों वहिनी हंसतात. आणि त्यांना पाहून आम्ही पुन्हां हंसतों. एका विनोदांत दोन हंशे, यांत तोटा कोणाचाच नाहीं.

वाचकांच्या घरींही अशा पंगती बसत असतील. पुढें कोणता चित्रपट पाहावा हें ठरविण्यापूर्वीं त्यांनीं एकवार शेवटच्या पानाकडे पाहावें, एवढीच विनंति.