डाळ का शिजत नाही

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला अप्लाइड केमिस्ट्री नावाचा एक विषय असतो. (काही ठिकाणी त्याला इंजिनियरिंग केमिस्ट्री म्हणतात, दुःख तेच.) कॉम्प्युटर आणि आयटीवाली पोरं पहिल्या लेक्चरला जो प्रश्न विचारतात तोच शेवटच्या लेक्चरपर्यंत विचारत राहतात: आम्हाला याचा उपयोग काय? उत्तर बहुतेक वेळा 'सिलॅबसमध्ये आहे' एवढंच मिळतं.

गेले दोन महिने दर रविवारी सकाळी मी हा विषय शिकवतोय. विद्यार्थी दोन. एक माझा मावसभाऊ, पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत केटी लागलेला. दुसरी त्याच्या वर्गातली लातूरकडची मुलगी, तिलाही तीच केटी. भावाचं ठीक आहे, मावशी चार दिवस बोलेल आणि विसरेल. त्या पोरीचं तसं नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, डोक्यावर शैक्षणिक कर्ज, आणि वडिलांनी सांगून ठेवलंय की या खेपेला विषय सुटला नाही तर परत ये, इथंच बीएस्सी कर.

पहिल्या रविवारी तिची वही बघितली आणि चक्रावलोच. पाण्याच्या हार्डनेसची तीसेक गणितं, सगळी बरोबर. कॅल्शियम बायकार्बोनेट १६२, मॅग्नेशियम बायकार्बोनेट १४६, कॅल्शियम सल्फेट १३६, मॅग्नेशियम क्लोराइड ९५, सगळं तोंडपाठ. मग उडाली कशी? तर पेपरात गणित जरा फिरवून आलं होतं. हेच पाणी उकळल्यावर किती हार्डनेस उरेल? संपलं.

मी विचारलं, "प्रत्येक गणितात १०० ने गुणतेस, ते १०० आले कुठून?"

"फॉर्म्युल्यात आहेत, दादा."

आता हे १०० म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं मोलर वजन. पाण्यात चार प्रकारचे क्षार असतात, प्रत्येकाचं वजन वेगळं. खिशात डॉलर, येन आणि युरो एकत्र असले तर किती पैसे आहेत हे सांगायला सगळं रुपयात करून घेतो ना, तसं. इथला रुपया म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आकडा सरळ १०० आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे मोजायला सोयीचा. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. गणितं काढणाऱ्यांचंही एक कौतुक आहे. क्षार नेहमी १६.२, १४.६, १३.६ आणि ९.५ मिलिग्रॅम असे देतात, म्हणजे प्रत्येकाचे बरोब्बर १० होतात. पाणी कुठल्याही गावचं असो, उत्तर ४०. :)

दुसऱ्या रविवारी पुस्तक बंद. आमच्या सोसायटीत वर्षातले बरेच महिने टँकरचं पाणी येतं, बोअरचं. (सोसायटीतले एक काका टीडीएस मीटर घेऊन फिरतात आणि त्यालाच हार्डनेस म्हणतात. त्यात सगळेच विरघळलेले क्षार येतात, मीठसुद्धा, पण काकांना कोण सांगणार.) दोन बाटल्या घेतल्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत टँकरचं. दोन्हींत अंगाचा साबण किसून सारखाच टाकला. शाम्पू नाही चालत, तो हार्ड पाण्यातही फेसाळतो आणि मग सगळा प्रयोगच फसतो. हलवलं. आरओवाली बाटली फेसाने भरली, टँकरवालीत नुसता दह्यासारखा चोथा. मग टँकरचं पाणी दहा मिनिटं उकळलं, निववलं, फडक्यातून गाळलं आणि तिसरी बाटली केली. तिच्यात फेस आला, पण आरओइतका नाही. उकळल्यावर जे गेलं ते टेम्पररी, बायकार्बोनेटवालं. उरलं ते परमनंट, क्लोराइड आणि सल्फेटवालं. पातेल्याच्या कडेला पांढरी साय धरलेली होतीच. तिच्यावर लिंबू पिळल्यावर ती फसफसली तेव्हा भावाने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

पोरगी मात्र तिसऱ्या बाटलीकडे बघत बसली होती. म्हणाली, "दादा, म्हणून आमच्याकडं बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही का?"

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आपण टीव्हीवर बघितलं. ती तेव्हा शाळेत होती आणि घरी बोअरचं पाणी. आई डाळीत चिमूटभर सोडा टाकायची. का, तर शिजते म्हणून.

च्यायला, हा तर अख्खा धडा होता! पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. खाण्याचा सोडा टाकून उकळलं की त्यातला काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो, थोडं कॅल्शियम खाली बसतं, पाणी अल्कधर्मी झाल्याने पेक्टिनही सुटायला लागतं. आणि परमनंट हार्डनेस काढायला लाइम-सोडा पद्धतीत कारखान्यात जो सोडा वापरतात तो हाच, धुण्याचा. ती पद्धत तिने पाच मार्कांसाठी इंग्रजीत पाठ केली होती. आईच्या डाळीशी तिचा काही संबंध आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

यात शिकवणाऱ्यांना झोडपणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. बरेचसे एमएस्सी झालेले, तासिका तत्त्वावर नेमलेले, समोर साठ-सत्तर पोरं. लॅबमध्ये ईडीटीएचं टायट्रेशन, वाइन रेडचं निळं झालं की थांबायचं, आणि अर्धा वर्ग उत्तरावरून उलटं रीडिंग लिहिणार. यात बाटल्या कधी हलवायच्या? माझ्याकडे दोनच पोरं आहेत आणि अख्खा रविवार आहे.

भावाचा प्रश्न तसाच होता, आयटीला उपयोग काय. त्याला त्याच्याच पुस्तकातला फेज रूल काढायला लावला. शिसं आणि चांदीचा आलेख: शिसं ३२७ अंशांना वितळतं, चांदी ९६१ ला, पण २.६ टक्के चांदी असलेलं मिश्रण ३०३ लाच. मग जुना मदरबोर्ड दाखवला. तिथेही हाच खेळ, फक्त कथील आणि शिसं, ६३ ला ३७, आणि १८३ अंश. १ जुलै २००६ पासून युरोपने बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधलं शिसं बंद केलं, मग कथील-चांदी-तांब्याचं सोल्डर आलं, ते वितळतं २१७ च्या आसपास. म्हणजे बोर्डावरच्या प्रत्येक पार्टला तीसेक अंश जास्त सोसणं आलं. तो म्हणाला, "हे आधी सांगायचं ना." ठीक आहे, पण नोकरीत उपयोग आहे म्हणून शिका, हे मला तितकंसं आवडत नाही. डाळीचं उत्तर जास्त बरं.

परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. काल तिला तेच उकळलेल्या पाण्याचं गणित पुन्हा घातलं, चारही क्षार, एकूण ४०. तिने २० लिहिलं आणि खाली इंग्रजीत तीन ओळींचं कारण. एक स्पेलिंग चुकलंय, ते राहू दे. पुढच्या रविवारी करोजन. बाल्कनीची ग्रिल आहेच.