इंदूर : कचरा, नर्मदा आणि एक कर्जरोखा

बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे कोठे जातात, यावर लक्ष ठेवले. निवृत्तीनंतर आपले स्वतःचे पैसे कोठे जातात हे पाहण्याची वेळ आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महानगरपालिकेने सर्वसामान्यांसाठी हरित कर्जरोखे विक्रीस काढले. एकूण रक्कम २४४ कोटी, व्याज ८.२५ टक्के, ते सहामाही मिळणार; किमान अर्ज दहा हजारांचा. प्रत्येक हजाराच्या रोख्याचे चार समान भाग आणि त्यांची परतफेड तीन, पाच, सात व नऊ वर्षांनी. महानगरपालिकेने थेट जनतेकडून असे हरित कर्ज घेण्याची ही देशातील पहिलीच वेळ होती. मी किमान रकमेचाच अर्ज केला. सहामाहीला चारशे बारा रुपये आणि वर काही पैसे खात्यात जमा होऊ लागले. तेव्हा ठरवले, की कर्जदाराचे घर एकदा पाहून यावे.

मार्च २०२५ मध्ये सौ.सह इंदूरला गेलो. माझ्या साडूंचे सराफ्यात दुकान आहे. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकाने वाढवली, की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि जिलबीच्या कढया मांडल्या जातात. मध्यरात्र उलटेपर्यंत रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. सकाळी लवकर मुद्दाम उठून मी पुन्हा तेथे गेलो. रस्ता झाडून स्वच्छ केलेला होता. द्रोण, कागद, उष्टे, काही दिसले नाही.

घरी परतलो तोच गल्लीत गाणे वाजवीत कचऱ्याची गाडी आली. गाडीला सहा कप्पे : ओला, सुका, प्लॅस्टिक, विजेच्या उपकरणांचा, घातक आणि स्वच्छतेच्या वापराचा कचरा. मेहुणीबाईंनी डबे एकेक करून ज्या त्या कप्प्यात रिकामे केले. साडू हसून म्हणाले, “पहिली दोन वर्षे मीच या प्रकाराची चेष्टा करीत होतो. दुकानाचा कचरा एकत्र टाकला म्हणून दंडही भरला. पण भाईसाहेब, व्यापाऱ्याला पावती फाटली की हिशेब लवकर समजतो.”

हा हिशेब नुसता स्वच्छतेचा नाही, हे मला देवगुराडियाला गेल्यावर उमगले. शहराच्या पूर्वेस त्या टेकडीजवळ वर्षानुवर्षे कचऱ्याचे डोंगर होते. सुमारे तेरा लाख टन जुना कचरा २०१८ मध्ये यंत्रांनी चाळून, वेगळा करून हलवला गेला. आता तेथे हिरवळ आणि झाडे आहेत.

ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला, की त्याला हवा मिळत नाही. मग त्यातील जिवाणू मिथेन वायू निर्माण करतात. हा वायू हवेत गेल्यावर वीस वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणजे कचऱ्याचा डोंगर हा दिसायला ओंगळ आणि न दिसणाऱ्या बाजूने आणखी घातक. भाजीचे देठ आणि उरलेला भात आपल्याला निरुपद्रवी वाटतात. वातावरणाच्या खातेवहीत मात्र ते चक्रवाढ व्याजाने नावे पडतात.

त्याच परिसरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता. तीच कुजण्याची क्रिया येथे बंद टाक्यांत घडवली जाते, मिथेन अडवून शुद्ध केला जातो आणि दाबाखाली भरला जातो. पूर्ण क्षमतेने दिवसाला सुमारे १७ हजार किलो वायू आणि शंभर टन खत मिळावे, अशी आखणी आहे. निम्मा वायू महापालिकेने शहर बससाठी घ्यावा, असा करार आहे. दुहेरी लाभ असा, की ढिगातून सुटणारा मिथेन थांबतो आणि त्याच्या बळावर चालणारी बस डिझेल जाळीत नाही. जळताना निघणारा कार्बन वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. जमिनीखालचे जुने भांडवल त्यासाठी उपसावे लागत नाही.

मात्र या यंत्राची एक अट आहे. त्यात जाणारा कचरा खरोखर ओला आणि निवडलेला हवा. प्लॅस्टिकची पिशवी आणि काच मिसळली, की कोट्यवधींचा प्रकल्प अडखळतो. मेहुणीबाईंच्या स्वयंपाकघरातील डब्याचे महत्त्व येथे येऊन कळले.

दुसऱ्या दिवशी माझ्या दहा हजारांच्या शोधात निघालो. महूवरून मंडलेश्वरच्या रस्त्याने विंध्याच्या कड्यावर पोहोचलो, की अहिल्याबाई होळकरांच्या काळातील जाम दरवाजा लागतो. तेथून खाली निमाडचे मैदान पसरलेले दिसते. घाट उतरून आम्ही महेश्वरला गेलो, घाटाच्या पायऱ्यांवर बसून नर्मदेचे शांत, रुंद पात्र पाहिले. येथून जवळच जलूद गाव आहे. तेथील नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरील इंदूरला जाते. परतताना आमची मोटार दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकीत तो घाट चढू लागली, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, पाणीही असेच चढत असेल ना?”

पाणी असेच चढते आणि ते चढवणाऱ्या पंपांचे वीजबिल महिन्याला सुमारे २५ कोटी रुपये येते, असे वृत्तपत्रांतून वाचले होते. आपल्याकडील वीज मुख्यतः कोळशाची. म्हणजे इंदूरचा नळ सोडला, की दूर कोठेतरी धुराडे धूर सोडते. रोख्यांचा पैसा जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी आहे, तो याच कारणाने.

रात्री कागद घेऊन बसलो. जुनी सवय. २४४ कोटींचे वर्षाचे व्याज वीस कोटींच्या घरात, म्हणजे पंपांच्या एका महिन्याच्या बिलाहूनही कमी. एक मेगावॅट सौर संच आपल्या भागात वर्षाला साधारण पंधरा लाख युनिटे देतो. साठचे झाले नऊ कोटी. प्रत्येक युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो असे धरले, तर साठ हजार टनांहून अधिक. माझ्या दहा हजारांच्या वाट्याला वर्षाला अडीचशे किलो. हिशेब ढोबळ आहे आणि सूर्य मावळल्यावर पंपांना ग्रिडचीच वीज लागणार, हेही खरे. पण तारण कच्चे नाही, एवढे नक्की.

ताळेबंदाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०१३ पासून आग्रा-मुंबई जुन्या रस्त्यावर साडेअकरा किलोमीटरची बसची स्वतंत्र मार्गिका होती. ती काढून टाकण्याचा निर्णय नुकताच झाला होता. जेवताना त्यावरून साडूंच्या घरी वाद झाला. साडू म्हणाले, “मोटारींची कोंडी सुटेल.” मेहुणीबाईंनी लगेच विचारले, “तुम्हाला मोटार आहे. मी आणि दुकानातला मुनीम, आम्ही कशाने जायचे?” साडू गप्प झाले. मलाही उत्तर सुचले नाही. कचऱ्यात मिळवलेले शहराने रस्त्यावर गमावू नये, असे मात्र मनापासून वाटले. बस जितकी भरते, तितक्या मोटारी आणि दुचाक्या घरी राहतात. ही बचत कोणत्याही यंत्राविना होते.

परतीच्या गाडीत एक गोष्ट मनात राहिली. शहराचे उत्सर्जन कमी करणे हा विषय परिषदांचा आणि सरकारांचा, असे मी समजत होतो. इंदुरात तो एका गृहिणीच्या डब्यात, एका सराफाच्या पावतीत आणि माझ्या छोट्याशा रोख्यात दिसला. प्रत्येकाने आपल्यापुरती नोंद बिनचूक केली, तरच मोठी खातेवही जुळते.

घरी आल्यावर आमच्या गृहनिर्माण संस्थेचा कचरा पाहिला. ओला-सुका एकाच पिंपात. आठ वर्षे मी या संस्थेचा खजिनदार आहे. पैशांचा एकही हिशेब चुकू दिला नाही, पण या पिंपात कधी डोकावलो नव्हतो. पुढच्या सभेत दोन पिंपांचा ठराव मांडला. चार सभासद हसले. मला साडूंचे हसणे आठवले. पहिली दोन वर्षे तेही हसतच होते.