उताराची सायकल

दरेकशाच्या उतारावर तरुणपणीं, भर पावसांत, माझ्या सायकलीच्या रबरी ब्रेकांनीं पकड सोडली. डाव्या मनगटाचा बांक अद्याप त्याची साक्ष देतो. म्हणून नातवानें एन्ड्युरो सायकल मागितली तेव्हां मी नकारच दिला. या शर्यतींत चढ स्वबळावर चढावयाचा, वेळ मात्र उताराचीच मोजतात!

“आजोबा, हिचे ब्रेक पाहा,” तो म्हणाला. चाकाच्या मध्याशीं पोलादी चकती, तेलाच्या दाबानें आवळणारी. ओल्या कडेचा संबंधच नाहीं. पुढील काटा सुमारें १६० मिलिमीटर दबणारा. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा कार्बनहून बहुधा जड, परंतु स्वस्त. दगड लागून पोचा आला तर डोळ्यांना दिसतो.

चढणीवर घाम गाळणें परवडतें. उतारावर हात फसणें परवडत नाहीं. मी होकार दिला. अट एकच: प्रथम थांबावयास शिकावें, मग धांवावयास.