सरोवर, प्लायवूड आणि नऊ वर्षांचा नाखवा

आमच्या जयपूरच्या 'मानसरोवर'चे फक्त नावच सरोवराचे. प्रत्यक्षात ती हाउसिंग बोर्डाची भलीमोठी वसाहत! इथे मुलांचा वेगाचा आणि चढाओढीचा सगळा हौसेचा मामला गच्चीवर चालतो. संक्रांत आली की बाप मांजा तपासतो, आई तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन वर येते, धाकटी चरखी धरते आणि थोरला पेच लावतो. एका पतंगामागे सगळे घर उभे असते. अशा गावातून अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिॲटलला गेलेल्या पाहुण्याला तिथला एक छंद चटकन आपलासा वाटतो. तिथेही एका पोरामागे सगळे घर उभे असते. फरक एवढाच, की पतंगाच्या जागी असते घरी बांधलेली शर्यतीची होडी!

सिॲटल हे पाण्याने वेढलेले शहर. पश्चिमेला समुद्राची खाडी, पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटर लांबीचे लेक वॉशिंग्टन हे गोड्या पाण्याचे सरोवर, आणि आकाश स्वच्छ असले तर दक्षिणेला बर्फाची टोपी घातलेला माउंट रेनियर. सरोवरावर चक्क तरंगते पूल आहेत आणि त्यांवरून मोटारी धावतात. पलीकडच्या बाजूच्या बेलव्ह्यू, रेडमंड या गावांत संगणकक्षेत्रातली मराठी कुटुंबे बरीच. आईवडील मुलांकडे सहा महिने राहायला येतात, बोइंगचा कारखाना आणि पाइक प्लेस बाजार पाहतात आणि परततात. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे असाल, तर मात्र सरोवराकाठी जायला चुकू नका. 'सीफेअर' या उत्सवातल्या हायड्रोप्लेनच्या शर्यती त्याच सुमारास असतात.

पाण्यावरून उडणारी होडी

हायड्रोप्लेन म्हणजे विमान नव्हे, होडीच. पण ती पाणी कापत जात नाही. चपटा खडा तळ्यात तिरका भिरकावला की तो टप्पे घेत जातो ना, तसेच काहीसे. होडीच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक पसरट पाय असतो. वेग वाढला की सगळा सांगाडा पाण्याबाहेर येतो आणि होडी फक्त तीन ठिकाणी टेकते: पुढचे दोन पाय आणि मागचा पंखा. तोही अर्धाच बुडालेला! पाण्याचा अडसर जवळजवळ संपतो, तळाखाली शिरलेली हवा होडी उचलून धरते आणि मागे कोंबड्याच्या शेपटीसारखा पाण्याचा उंच तुरा उठतो.

या खेळाने सिॲटलला वेड लावले ते १९५० साली. बोइंगमध्ये काम केलेल्या टेड जोन्सने आराखडा काढला, अँकर जेन्सनने होडी बांधली आणि मालक स्टॅन्ली सायर्सने तिचे नाव ठेवले 'स्लो-मो-शन' चौथी. म्हणजे 'संथगती'! २६ जून १९५० रोजी या संथगतीने लेक वॉशिंग्टनवर ताशी १६०.३२ मैल, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटर वेग गाठला आणि ब्रिटनच्या माल्कम कॅम्पबेलचा १९३९ सालचा जागतिक विक्रम मोडला. त्याच उन्हाळ्यात तिने डेट्रॉइटला जाऊन 'गोल्ड कप' जिंकला आणि १९५१ पासून ती मानाची शर्यत सिॲटलला आली.

मग काय! गल्लीगल्लीत मुलांनी फळकुटांची हायड्रोप्लेन बनवली, आवडत्या होडीचे रंग आणि आकडे त्यांवर रंगवले, ती दोरीने सायकलला बांधली आणि रस्त्यावरून खडखडत पळवली. आपल्याकडे जुन्या बेअरिंगवर फळी ठोकून गाडा करणारी, दिवाळीत मातीचा किल्ला उभारणारी मुले आठवली की हे चित्र अजिबात परके वाटत नाही.

घराच्या गॅरेजमधला कारखाना

सायकलमागची ही होडी पुढे काही घरांत खरोखरच्या पाण्यात उतरली. अमेरिकेत मोटारहोड्यांच्या शर्यतींचे नियमन करणारी संस्था १९०३ सालची आहे. तिच्या नियमांत नऊ वर्षांपासूनच्या मुलामुलींसाठी वेगळा गट आहे. होडी दहा फुटांच्या आसपास, मागे छोटे आउटबोर्ड इंजिन. त्या इंजिनालाही मुद्दाम लगाम घातलेला असतो, म्हणजे आत जाणाऱ्या हवेची वाट अरुंद करून ताकद कमी केलेली असते. होडी आणि चालक यांचे मिळून किमान वजन ठरलेले असते, त्यामुळे सडपातळ मुलाला फुकटचा फायदा मिळत नाही. मुले-मुली एकाच शर्यतीत उतरतात.

होडी बांधणे हा हिवाळ्याचा उद्योग. सिॲटलचा हिवाळा म्हणजे दिवसचे दिवस रिपरिप पाऊस. अशा वेळी गॅरेजमधली मोटार बाहेर जाते आणि आत लाकडाचा सांगाडा उभा राहतो. आडव्या चौकटी, त्यांवर लांब पट्ट्या, आणि वर पातळ मरीन प्लायवूडचे कवच. जोड इपॉक्सीने चिकटवायचे, शिकंजे आवळून रात्रभर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी घासायचे, पुन्हा लेप, पुन्हा घासणे. तळ जरा वाकडा राहिला तरी होडी पाण्यावर उड्या मारते, म्हणून पट्टी लावून पुन:पुन्हा सपाटी तपासायची. मुलाच्या वाट्याला येते ते बहुधा घासकाम. कंटाळवाणे खरे, पण ज्या तळावर गुडघे टेकून आपण बसणार, त्याचा प्रत्येक इंच आपल्या हाताखालून गेलेला असणे यालाही मोल आहे.

हाताशी जाणती माणसे असली की हे काम सोपे जाते. सिॲटलच्या दक्षिणेला केंट या गावी हायड्रोप्लेन आणि शर्यतीच्या होड्यांचे संग्रहालय आहे. तिथे जुन्या, नावाजलेल्या होड्या स्वयंसेवक पुन्हा चालत्या करतात. एखादा निवृत्त यंत्रज्ञ, एखादा सुतार, एखादा केवळ हौशी. कोणी पगारासाठी येत नाही. लाकडाची शीर कशी ओळखावी, स्क्रू किती आवळावा, या गोष्टी पुस्तकापेक्षा अशा हातांकडूनच नीट कळतात.

भीती आणि शिस्त

आता कोणत्याही मराठी आईच्या मनात येणारा प्रश्न. नऊ वर्षांच्या पोराला एवढ्या वेगात सोडायचे? प्रश्न अगदी रास्त आहे. तळाखालची जी हवा होडीला उचलते, तीच नाक जास्त वर गेले की तिला उलटी भिरकावते. मोठ्या होड्यांच्या शर्यतींतला अव्वल चालक बिल मन्सी १९८१ साली असाच गेला, आणि पुढच्याच वर्षी डीन चेनोवेथ. त्यानंतर मोठ्या होड्यांवर एफ-१६ लढाऊ विमानांची मजबूत काचेरी झाकणे आली आणि कित्येकांचे प्राण वाचले.

मुलांच्या होड्या कितीतरी कमी वेगाच्या. तरी शिस्त तीच. हेल्मेट, जाड तरंगते जाकीट, पंख्याच्या पात्यापासून वाचवणारे चिवट कापडाचे कपडे. वेगाची मूठ दाबून धरावी लागते. हात सुटला की वेग उतरतो. अंगाला दोरी बांधलेली असते. मूल बाहेर फेकले गेले की ती निसटते आणि इंजिन बंद पडते. बचाव नौका पाण्यात असल्याशिवाय शर्यत सुटत नाही.

सुरुवातही अनोखी. होड्या थांबलेल्या नसतात. मोठ्या घड्याळाचा काटा फिरत असतो आणि तो शून्यावर येताच धावत्या होडीने रेषा ओलांडायची. क्षणभर आधी गेलात तर दंड, उशीर केलात तर मागे. म्हणजे पोराला नुसता धीटपणा पुरत नाही, अंदाज आणि संयमही लागतो. काठावर बाप मुठी आवळून उभा, आईची नजर होडीच्या आकड्यावर, आणि आजोबा स्टॉपवॉच घेऊन! होडी उलटली तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गॅरेजमध्ये. फुटलेला पाय सांधायला त्याच पोराने बसायचे.

यातून सगळे विक्रमवीर होतात असे नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने सिडनीतल्या घराच्या परसात लाकडी होडी बांधली, तिच्यावर जुने जेट इंजिन बसवले आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला. मोठमोठ्या खर्चाच्या योजना झाल्या, तरी तो परसातला विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही.

आपल्या मुलांच्या हाती शर्यतीची होडी द्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण शिकवण्यांच्या वेळापत्रकातून एक पावसाळा काढून, त्यांच्या हाती रंधा आणि घासपेपर देऊन, त्यांच्याबरोबर काहीतरी खरे बांधावे, हे मात्र सिॲटलहून आणण्यासारखे आहे. सामानाच्या वजनात ते मोजले जात नाही!

*जाता जाता :* 'स्लो-मो-शन' चौथी आज सिॲटलच्या लेक युनियनकाठी इतिहास आणि उद्योग संग्रहालयात छताला टांगलेली पाहायला मिळते. केंटच्या संग्रहालयात जाण्याआधी उघडण्याचे वार विचारून घ्या. शर्यतीच्या दिवशी टोपी, पाणी आणि कानात घालायला कापूस जवळ असू द्या.