एका पायावर पूर्ण भार

लेकीच्या बाळंतपणासाठी ऑस्लोला गेले तेव्हा मला निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. आष्टी आणि पाटोदा तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं. बॅगेत डिंक, आळीव, खारीक, बाळंतशेपा, जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि चार किलो ज्वारीचं पीठ होतं. नव्वद दिवसांचा व्हिसा. लेकीला जपायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं आणि मार्चअखेर बीडला परत यायचं, एवढंच ठरलं होतं. स्कीचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

बर्फाशी माझी ओळख वाईट होती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा आमच्या शेतात गारांचा थर साचला. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, गहू झोपला. बांधावर उभे राहिलेले आमचे हे त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून पांढरं शिवार म्हणजे नुकसान, हे मनात पक्कं बसलेलं. ऑस्लोच्या विमानतळावरून घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी शेतं दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. जावई म्हणाले, "आई, इथे बर्फ पडलं नाही तर लोक नाराज होतात."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नात झाली. ३ किलो ४०० ग्रॅम. पुढचे तीन आठवडे दिवस कसे गेले ते कळलंच नाही. तिथे जानेवारीत साडेतीन-चारलाच दिवस मावळतो. जावई चारला ऑफिसातून घरी येत, बाळाला घेत आणि मला म्हणत, "आई, आता तुम्ही जरा मोकळ्या व्हा." मोकळं होऊन करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. खिडकीशी बसून राहायची.

समोरच्या दारात एक बाई राहतात. वय ७२, एकट्या. रोज संध्याकाळी खांद्यावर लांबलचक स्की टाकून निघताना दिसायच्या. तीन-चार दिवस आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. मग एके दिवशी दार वाजवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "येता का?" त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकंतोडकं, त्यामुळे बोलायला संकोच वाटला नाही.

त्यांच्या भाषेत स्कीला 'शी' म्हणतात आणि 'गो पो शी' म्हणजे स्कीवर चालणं. घरात तान्हं बाळ, त्यामुळे त्या शब्दावर लेक आणि मी पोट धरून हसलो. पण त्यातल्या 'चालणं' या शब्दाने मला धीर दिला. डोंगरावरून सुसाट खाली येणारी स्की मी टीव्हीवर पाहिली होती. ही ती नव्हे. इथे सपाटीवर, चढावर, जंगलातून आपल्याच पायांनी पुढे जायचं असतं. चालण्याला मी कधी भ्याले नाही. पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवर एसटी जात नव्हती, तेव्हा पाच वर्षं रोज चार किलोमीटर जायचं आणि चार यायचं, असं मी चाललेय. व्हिडिओ कॉलवर आमचे हे म्हणाले, "ह्या वयात कशाला कुटाणे करायलीस? हात-पाय मोडून घेशील." लेक म्हणाली, "आई, तू जा."

सामान विकत घ्यावं लागलं नाही. खेळाचं साहित्य वाचनालयातल्या पुस्तकासारखं उसनं देणारी केंद्रं तिथे गावोगाव आहेत. 'बुआ' म्हणतात त्यांना. मला बूट, स्की आणि काखेपर्यंत येणाऱ्या दोन काठ्या मिळाल्या. पैसे लागले नाहीत. लेकीने लोकरीचे आतले कपडे दिले आणि सुती काही घालायचं नाही म्हणून बजावलं. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबलं की तोच घाम गार पडतो. साडी सोडून दुसरं काही घालून बाहेर पडण्याची ती माझी पहिली वेळ.

५ नंबरच्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन सोंग्सवान. तिथे तळं आहे आणि तळ्यापासूनच जंगल सुरू होतं. गाडीत निम्म्या लोकांच्या हातात स्की होत्या. ऑफिसची बॅग पाठीला, स्की हातात. बाहेर मायनस आठ होतं. अंधार पडलेला, पण जंगलातल्या वाटेवर खांबांवर दिवे होते. यंत्राने दाबून गुळगुळीत केलेल्या बर्फात दोन समांतर खाचा पाडलेल्या. बैलगाडीच्या चाकोरीसारख्या, फक्त अरुंद. एकेक स्की एकेका चाकोरीत ठेवायची म्हणजे पाय फाकत नाहीत.

बुटाचा फक्त चवडा स्कीला अडकतो. टाच मोकळी असते, चपलेत असते तशी. बाईंनी आधी माझ्या काठ्या काढून घेतल्या. म्हणाल्या, "आज फक्त पाय." मी पहिलं पाऊल टाकलं आणि पडले. दुसरं टाकलं, पडले. पहिल्या तासात नऊ वेळा पडले. शिक्षकाची सवय, मोजलं.

उठणं हा वेगळाच धडा होता. दोन्ही पायांना जवळजवळ दोन मीटरच्या पट्ट्या बांधलेल्या असताना माणूस सरळ उठू शकत नाही. आधी पाठीवर व्हायचं, पाय वर उचलून स्की समांतर करायच्या, कुशीवर वळायचं, गुडघ्यावर यायचं आणि मग एकेक पाय रोवत उभं राहायचं. पहिल्यांदा मला उठायला दोन-तीन मिनिटं लागली. बाजूने चार-पाच वर्षांची मुलं सरसर निघून जात होती. कुणी थांबून बघितलं नाही, कुणी हसलं नाही. आपल्याकडे माझ्या वयाची बाई रस्त्यात पडली तर चार माणसं धावून येतात. त्या मायेची किंमत मला ठाऊक आहे. पण पडणं इतकं साधं असू शकतं, हेही मी त्या रात्री पाहिलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत पाय मागेच घसरत राहिले. पुढे रेटावं तर स्की मागे येई. तेव्हा बाईंनी एक स्की काढून उलटी करून दाखवली. ती मधोमध किंचित कमानदार असते. कमानीखाली पावलाच्या जागी आखूड केसांची एक पट्टी चिकटवलेली. त्यावरून टोकाकडून मागे हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. एका पायावर सगळं वजन टाकलं की कमान दबते, पट्टी बर्फाला टेकते आणि पाय धरून राहतो. वजन दोन्ही पायांवर वाटलं की कमान उचललेलीच राहते आणि स्की घसरते. घसरणंही हवंच असतं, पण आधी एक पाय घट्ट रोवलेला लागतो. मी भीतीपोटी अर्धं वजन मागच्या पायावर धरून ठेवत होते. म्हणून ना पकड मिळत होती, ना घसरता येत होतं.

"पूर्ण वजन. एका पायावर," बाई म्हणाल्या. "आणि खाली बघू नका, पुढे बघा."

पुढे बघा म्हटल्यावर मला घागर आठवली. ७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. आईच्या डोक्यावर दोन घागरी आणि माझ्या डोक्यावर चुंबळीवर लहान कळशी. विहीर लांब. आई मागून सांगायची, पायाकडं बघू नको, मान हलवू नको, कंबर सैल सोड. पाऊल टाकलं की सगळं अंग त्या पावलावर गेलं पाहिजे. अर्धं मागे राहिलं की पाणी हिंदकळतं. पुढे लग्न होईपर्यंत मी घागरी वाहिल्या. त्या संध्याकाळी मी डोक्यावर घागर आहे असं समजून पाऊल टाकलं. स्कीने बर्फ धरलं. मागचा पाय आपसूक पुढे सरकला आणि सरकतच गेला, चांगला मीटरभर. मग दुसरा. वीसेक पावलं झाली असतील. कानांत फक्त स्कीचा सर्र, सर्र आवाज. मी थांबले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते थंडीचं नव्हतं.

खरं सांगते. एकतीस वर्षं मी फक्कीने खो-खोचं मैदान आखलं, शिट्टी वाजवली, मुलींना तालुक्याला नेलं, जिल्ह्याला नेलं. स्वतः एकदाही धावले नाही. पाणी आणायला चालले, शाळेला चालले, जनगणनेला आणि मतदारयादीला दारोदार चालले. कुठेही पोचायचं नसताना, नुसतं बरं वाटतं म्हणून अंग हलवणं माझ्या वाट्याला ५८ व्या वर्षी आलं.

एका रविवारी लेकीने बाईंना आणि मला होल्मेनकोलनच्या स्की संग्रहालयात पाठवलं. ते १९२३ पासूनचं आहे. तिथे एक चित्र आहे. १२०६ साली यादवीत शत्रूपासून वाचवायला दोन योद्धे राजाच्या लहानग्या मुलाला, होकोनला, छातीशी धरून स्कीवरून डोंगर ओलांडून नेतात. मूल पुढे राजा झालं. त्या आठवणीसाठी १९३२ पासून त्यांच्या देशात ५४ किलोमीटरची शर्यत होते आणि स्पर्धकांना पाठीवर किमान साडेतीन किलोचं ओझं घ्यावं लागतं, त्या बाळाच्या नावाने. साडेतीन किलो! मी बाईंना सांगितलं, माझी नात एवढीच होती. त्या चित्रापुढून मी लवकर हलले नाही.

सोंग्सवानच्या जंगलात जायला तिकीट नाही, फाटक नाही. बाई सांगत होत्या की रानावनात सर्वांना मोकळेपणी फिरता यावं म्हणून त्यांच्याकडे १९५७ चा कायदाच आहे, आणि या वाटा राखणारी संस्था १८८३ पासून काम करते. मग त्यांनी विचारलं, तुमच्या भागात कोणता खेळ? मी अविनाश साबळेचं नाव सांगितलं. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, लहानपणी शाळेला सहा किलोमीटर जायचा. सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, सैन्यातच क्रॉस-कंट्री धावायला लागला आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक ८ मिनिटं ११.२० सेकंदांत घेऊन आला. बाईंनी नाव दोनदा म्हणून पाहिलं. आम्ही बाकावर बसून संत्रं सोलत होतो. थंडीत सोललेल्या संत्र्याचा वास फार लांब जातो.

निघेपर्यंत मी सतरा वेळा गेले. माशाच्या काट्यासारखी पावलं फाकवत चढ चढायला शिकले. उताराला स्कीची टोकं जवळ आणून वेग मारायला शिकले, पण तीव्र उतारावर शेवटपर्यंत स्की काढून चालतच उतरले आणि त्याचं मला काही वाटलं नाही. जंगलात पाच-सहा किलोमीटर आत उल्लेवोलसेटर नावाचं एक जुनं लाकडी घर आहे, तिथे गरम वाफल मिळतात. तिथवर पोचले नाही. निम्म्या वाटेवरून परत फिरले.

लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी थंड देशांत जाणाऱ्या आया-सासवा आता आपल्या जिल्ह्यातूनही निघतात. त्यांना माझं सांगणं आहे. डिंकाच्या लाडवांबरोबर लोकरीचे आतले कपडे दोन जोड न्या. गुडघ्यांचं डॉक्टरांना आधी विचारून घ्या. शेजारणीने हाक मारली तर जा. पहिले दोन दिवस काठ्या हातात घेऊ नका, आणि पाऊल टाकताना डोक्यावर घागर आहे असं समजा.