धरावं किती, सोडावं किती

अभ्रकाच्या तुकड्यावर चिकटपट्टी दाबायची आणि सरळ वर ओढायची. वरचा पापुद्रा पट्टीबरोबर निघून येतो, खाली अणूंच्या मापातही सपाट असा कोरा पृष्ठभाग उरतो. एकेका डीएनए रेणूवर काम करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. अडचण एवढीच, की अभ्रकावर ऋणभार आणि डीएनएवरही ऋणभार. दोघांत मध्यस्थ लागतो. तो बहुतेकदा मॅग्नेशियम.

खरं कसब इथे लागतं. मॅग्नेशियम रेणूला हलकंच धरतं, त्यामुळे तो सरकत, सावरत निवांत पसरतो. त्याऐवजी अभ्रकावर एपीटीईएस या रसायनाचा थर दिला, तर रेणू टेकेल तिथेच जखडतो आणि आक्रसलेला दिसतो. रेणू तोच, पण आकार निराळा. म्हणून विद्यार्थ्यांनी चित्र पुढे केलं की मी आधी विचारते, ‘धरलंय कशानं?’

१९९४ मध्ये पॅरिसच्या बेन्सिमाँ आणि सहकाऱ्यांनी मला आजही थक्क करणारी युक्ती दाखवली. खास थर दिलेल्या काचेला रेणूचं फक्त टोक चिकटवायचं आणि पाणी ओसरू द्यायचं. ओसरत्या पाण्याची कड रेणूला केस विंचरावेत तशी सरळ ताणत नेते. तिची ओढ रेणू ताणण्यापुरती असते, चिकटलेलं टोक सोडवण्याइतकी नसते. पुढे अशा ताणलेल्या रेणूंत दर मायक्रोमीटरला सुमारे २००० बेसजोड्या मोजल्या गेल्या.

असा धरलेला रेणू कापायचा तर अणुबल सूक्ष्मदर्शक आणि त्याची सुई हवी. डीएनए जेमतेम २ नॅनोमीटर जाड आणि सुईचं टोक त्याहून कितीतरी बोथट, म्हणून चित्रात रेणू फुगलेला दिसतो. आधी हलक्या स्पर्शानं त्याचं चित्र घ्यायचं, मग जोर वाढवून सुई त्याच्यावरून आडवी न्यायची. हाताला काही जाणवत नाही. सुईची पट्टी किती वाकली, ते तिच्यावरून परतणाऱ्या लेसरच्या ठिपक्यावरून कळतं. आमचा स्पर्श म्हणजे तेवढंच. जुलैत पुण्याच्या दमट हवेत सुई आणि नमुन्यामध्ये पाण्याचा थर साचून सुई चिकटू लागते, मग नमुन्याभोवती कोरडा नायट्रोजन सोडावा लागतो.

रेणू सैल धरला असेल तर सुईपुढे तो नुसता ढकलला जातो. घट्ट धरला तर काप स्वच्छ येतो, पण कापलेला तुकडा उचलताना पृष्ठभाग तो सोडत नाही. दोन्ही साधेल असं मॅग्नेशियमचं प्रमाण सध्या मी शोधते आहे, आणि ते प्रत्येक लांबीच्या रेणूला वेगळं लागतंय.